इतवारी स्टेशनचे साल कोणते? एका पुस्तिकेचे प्रकरण

पार्श्वभूमी

नागपूरच्या जुन्या वस्तीत, इतवारी रेल्वे स्टेशनपासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर एक सार्वजनिक वाचनालय आहे. अमृत भारत योजनेतून स्टेशनच्या नूतनीकरणाचे काम निघाले, पत्रे लागले, खोदकाम सुरू झाले, तेव्हा वाचनालयाच्या मंडळींना वाटले की जुने काही उरायच्या आत त्याची नोंद करावी. चाळीसेक पानांची पुस्तिका आणि वाचनालयाच्या हॉलमध्ये लावायचा एक मोठा तक्ता, एवढेच ठरले होते. या कामात मी सल्लागार म्हणून अधूनमधून बसत होतो. वाचनालयाचे आणि माणसांचे नाव इथे दिलेले नाही, ओळख पटेल असे काही तपशीलही बदलले आहेत.

गटात पाच जण होते. ग्रंथपाल बाई, इतिहास शिकवून निवृत्त झालेले एक सर, छोट्या लाईनवर, म्हणजे अरुंद रुळांच्या नॅरोगेजवर नोकरी केलेले निवृत्त गार्डसाहेब, आर्किटेक्चर शिकणारी एक मुलगी आणि छपाईचा खर्च उचलणारे, तीन पिढ्या इतवारीत धान्याचा व्यापार असलेले एक देणगीदार. पाचही जण मनापासून आले होते. पुढची सगळी ओढाताण समजून घ्यायची तर हे आधी सांगायला हवे, कारण यात खलनायक कोणी नाही.

बाहेरच्या वाचकासाठी थोडे स्टेशनबद्दल. नागपूरचे मुख्य स्टेशन मध्य रेल्वेकडे, इतवारी दक्षिण पूर्व मध्य रेल्वेकडे. एकाच शहरातली, हावड्याच्या एकाच लाईनवरची ही दोन स्टेशने, पण त्यांचे कागद वेगवेगळ्या घरांत. मुख्य स्टेशनची वाळूच्या दगडाची इमारत १५ जानेवारी १९२५ ला मध्य प्रांताचे गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांच्या हस्ते सुरू झाली, आणि शहराच्या रेल्वे इतिहासावर जे काही लिहिले जाते ते बहुतेक त्या इमारतीभोवतीच फिरते. इतवारीला तशी मिरवण्यासारखी इमारत कधी नव्हती. तिच्याकडे होते ते मागे पसरलेले बाजार आणि पुढे पसरलेले रूळ. २०२२ मध्ये स्टेशनचे अधिकृत नाव नेताजी सुभाषचंद्र बोस इतवारी झाले. रिक्षावाला अजून इतवारीच म्हणतो.

अडचण

पहिल्याच बैठकीत देणगीदारांनी मुखपृष्ठाचा नमुना आणला. वर स्टेशनचा फोटो, खाली ठसठशीत अक्षरांत ‘१८६७ पासून’.

हे साल त्यांनी हवेतून काढलेले नव्हते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला, म्हणजे जीआयपी रेल्वेची लाईन भुसावळ-बडनेरामार्गे १८६७ मध्ये नागपूरला पोचली, हे कुठल्याही पुस्तकात सापडते. नागपुरात रेल्वे आली १८६७ ला, इतवारी नागपुरात, म्हणून इतवारी १८६७ चे. हिशेब सरळ दिसतो.

गार्डसाहेबांनी तो तिथेच अडवला. “नाही जी. जीआयपी आली मुंबईकडून, अन् नागपूरला येऊन थांबली. आपलं इतवारी तिच्या पुढं पूर्वेला आहे. तिकडं तवा रूळच नव्हते, तर स्टेशन कुठून राहील?”

मुद्दा बिनतोड होता. नागपूरच्या पूर्वेला रूळ आले ते नागपूर-छत्तीसगढ रेल्वेचे. १८७६ ते ७८ च्या दुष्काळानंतर छत्तीसगढचे धान्य बाहेर काढण्यासाठी सरकारने ही लाईन हाती घेतली, आणि १८८२ पर्यंत ती राजनांदगावला पोचली. ती होती मीटरगेज, म्हणजे एक मीटर रुंदीची. पश्चिमेकडून येणारी जीआयपी १६७६ मिलिमीटरची ब्रॉडगेज. दोन्हींच्या वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, एकमेकींच्या रुळांवर चालू शकत नव्हत्या.

मग १८८७ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी उभी राहिली. तिने ही मीटरगेज ताब्यात घेऊन १८८८ च्या अखेरीपर्यंत ब्रॉडगेज केली. जेमतेम सात-आठ वर्षे जगलेली ती पहिली लाईन अशी पुसली गेली की तिची आठवण कोणाच्याच घरात उरली नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत याच कंपनीने नागभीडकडे आणि छिंदवाड्याकडे अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटरचे नॅरोगेज फाटे टाकले. आज साठीच्या पुढचा इतवारीकर ‘स्टेशन’ म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे ही छोटी लाईन असते.

थोडक्यात, एका जागेवर तीन रुंदींचे रूळ येऊन गेलेले, आणि ‘स्थापना’ म्हणून पुढे करता येतील अशी निदान चार साले. सरांचा कल ‘सुमारे १८८०’ कडे. गार्डसाहेबांना नॅरोगेजखेरीज कशात रस नाही. देणगीदारांना १८६७ सोडवत नव्हते, कारण त्यांच्या घरात असे सांगत आले होते की स्टेशनच्या पहिल्या बांधकामाला विटा आजोबांच्या वडिलांनी पुरवल्या. ते सहज बोलून गेले, “साल नसलेली पुस्तिका कोण वाचते जी?” या प्रश्नाला त्या दिवशी कोणी उत्तर दिले नाही.

समोरचे पर्याय

देणगीदारांचे साल छापून मोकळे व्हावे, हा सगळ्यात सोपा मार्ग. एकाने तसे सुचवलेही: पुस्तिका गल्लीतली, परीक्षा कोण घेणार आहे? पण गल्लीतल्या पुस्तिकेचा धोका वेगळाच असतो. इतवारी स्टेशनवर स्वतंत्र असे फारसे लिहिलेले नाही, त्यामुळे पहिले छापील साल हेच पुढच्यांचा पुरावा होते. आज वाचनालयाने छापलेले उद्या वर्तमानपत्रात येते, परवा स्टेशनच्या फलकावर चढते, आणि मग वाचनालयालाच ते फलकाच्या आधारे खरे वाटू लागते.

‘सुमारे १८८०’ हा सरांचा पर्याय बराच प्रामाणिक होता. माझा त्यालाही विरोध होता. ‘सुमारे’ फार दिवस टिकत नाही. नकलेच्या दुसऱ्या फेरीत तो गळतो आणि १८८० उरते. शिवाय ते साल लाईनचे. लाईन आली त्याच दिवशी त्या लाईनवरचे प्रत्येक स्टेशन उघडले असे समजायला आधार लागतो, आणि गटाच्या हातात जे कागद होते ते लाईनबद्दल बोलत होते, स्टेशनबद्दल नाही.

तिसरा पर्याय थांबण्याचा. रेल्वेकडून मूळ नोंदी मागवायच्या आणि त्या येईपर्यंत छापायचे नाही. तत्त्व म्हणून उत्तम. पण इतवारीच्या मालकीचा प्रवासच लांबलचक आहे. बंगाल-नागपूर रेल्वे १९४४ मध्ये सरकारकडे आली, १९५२ मध्ये पूर्व रेल्वेत गेली, १९५५ मध्ये दक्षिण पूर्व रेल्वे वेगळी निघाली, आणि २००३ मध्ये बिलासपूर मुख्यालयाची दक्षिण पूर्व मध्य रेल्वे झाली. जुने कागद शोधायचे तर कोलकात्याच्या गार्डन रीचपासून, म्हणजे दक्षिण पूर्व रेल्वेच्या मुख्यालयापासून सुरुवात करावी लागेल. त्या काळात नागपुरात बसलेली, ऐंशी ओलांडलेली माणसे वाट बघणार नव्हती.

चौथा पर्याय आर्किटेक्चरच्या मुलीने मांडला, तोही वैतागून. “आपण वाढदिवस का शोधतोय? रूळ कधी कधी बदलले तेवढंच सांगू या ना.” बैठक तिथे वळली. मला विचाराल तर या प्रकरणातला खरा निर्णय हाच. बाकीचे त्याच्या मागून आले.

प्रत्यक्ष काय केले

आधी एका प्रश्नाचे तीन केले. शहरात रेल्वे कधी आली, शहराच्या पूर्वेला रूळ कधी आले, आणि इतवारी नावाचे स्टेशन कधी उघडले. पहिल्या दोहोंना उत्तर देता येत होते. तिसऱ्यापुढे तक्त्यात कोरी जागा ठेवली आणि तिच्याखाली ‘कागद असल्यास वाचनालयात दाखवावा’ असे लिहिले. कोऱ्या जागेवरून देणगीदार नाराज झाले. ग्रंथपाल बाई मात्र ठाम राहिल्या. वाचनालयाच्या नावाने जे छापले जाईल त्याला उत्तर त्यांनाच द्यावे लागणार होते.

वाचनाला सुरुवात वाचनालयातल्याच कपाटापासून झाली. १९०८ चे नागपूर जिल्हा गॅझेटियर तिथे होते. त्यातला दळणवळणाचा भाग सरांनी मराठीत उतरवला. जुनी वेळापत्रके देणगीदारांच्याच गोदामातून निघाली, आणि वाद थोडा निवळण्याचे एक कारण तेही असावे. गट एकदा मोतीबागच्या नॅरोगेज रेल्वे संग्रहालयातही जाऊन आला. २००२ मध्ये सुरू झालेले हे संग्रहालय कडबी चौकाजवळ आहे, आणि सातपुड्यातल्या सुमारे हजार किलोमीटरच्या नॅरोगेज जाळ्याचा व्याप तिथे एका फेरीत ध्यानात येतो. मुलीने तिथे काढलेली मोजमापे पुढे तक्त्यावर कामी आली. तिन्ही रुंदींचे रूळ प्रमाणात, एकाखाली एक. साल विसरणारा माणूस ते चित्र विसरत नाही.

खरी गंमत मुलाखतींत होती. गार्डसाहेबांनी ओळखीच्या माणसांना बोलावले आणि पहिला प्रश्न ठेवला: छोटी लाईन बंद कधी झाली? उत्तरे गोंधळाची आली. कोणी २०१५ म्हणे, कोणी कोरोनाच्या जरा आधी. कोणाला शेवटच्या गाडीवरची फुले आठवत होती, कोणी म्हणे फुलेबिले काही नव्हती, गाडी नेहमीसारखी गेली. सरांना वाटले, आठवणींवर भरवसाच ठेवता येणार नाही.

मुलाखतीचा प्रश्न बदलल्यावर गोंधळ सुटला. ‘कधी’च्या जागी ‘कुठं जाणारी’ असे विचारायचे ठरले. इतवारीहून छोट्या लाईनच्या दोन दिशा होत्या. सावनेर-सौंसरवरून छिंदवाड्याला जाणारी गाडी २०१५ च्या अखेरीस थांबली. उमरेड-भिवापूरवरून नागभीडला जाणारी, १०६ किलोमीटरची, २०१९ च्या नोव्हेंबरात. दोन्हीकडचे रूळ ब्रॉडगेजसाठी उखडले. म्हणजे दोन्ही गटांना आठवत होते ते बरोबर होते, फक्त ते दोन वेगवेगळ्या गाड्यांना निरोप देऊन आले होते. तोंडी इतिहास गोळा करणाऱ्यांनी ही युक्ती लक्षात ठेवावी: माणसाला साल विचारू नये, कुठे जात होतात, सोबत काय होते, उतरल्यावर कोणाकडे जात होतात, हे विचारावे. साल आपण मागून लावतो.

‘सोबत काय होते’ या प्रश्नाने पुस्तिकेची दिशाच बदलली. भिवापूरकडून मिरची, उमरेडकडून भाजी आणि दूध, सावनेर-सौंसरच्या बाजूने संत्री. नागभीडच्या जंगलपट्ट्यातून लाकूड. आणि इतवारीला पोचल्यावर हा माल पुढे मुंबई-कोलकात्याकडे जायचा असेल, तर छोट्या वाघिणीतून मोठ्या वाघिणीत माणसाच्या पाठीवरूनच जायचा, कारण रुळांची रुंदी जुळत नव्हती. रेल्वेच्या पुस्तकात हा गेजचा फरक एका ओळीत संपतो. मालधक्क्यावर त्यावर घरे चालत होती. एका वृद्ध हमालाने सांगितले, “मिरचीचं पोतं उचललं का मानेची आग रात्रीपर्यंत जात नव्हती. बायको म्हणे, अंगणातच निजा.” हे वाक्य पुस्तिकेत जसेच्या तसे आहे, आणि माझ्या मते चाळीस पानांतले सर्वांत मोलाचे तेच.

तेव्हा लक्षात आले की इतवारी बाजार आणि इतवारी स्टेशन यांचा संबंध जवळ असण्यापुरता नाही. मस्कासाथपासून धान्य आणि किराणा ओळीपर्यंतचा घाऊक व्यापार या अदलाबदलीच्या जागेवर उभा होता. घाऊक बाजार कळमन्याला सरकला, छोटी लाईन गेली, माल ट्रकवर चढला, तेव्हा स्टेशन प्रवाशांसाठी चालू राहूनही बाजाराच्या दृष्टीने लांब गेले. हे प्रकरण सरांनी लिहिले आणि सुरेख लिहिले.

राहिली विटांची गोष्ट. ती वगळावी असे सरांचे मत होते, कारण पावती नाही, करार नाही. मी वगळू नये म्हणालो, पण मुख्य मजकुरातही घेऊ नये. शेवटी ‘घराघरांत सांगितले जाते’ असे वेगळे सदर केले, वेगळ्या रंगाच्या पानांवर. त्यात विटांची गोष्ट आली, एका इंजिनाला नारळ फोडण्याची प्रथा आली, फलाटावरच्या एका पिंपळाच्या दोन परस्परविरोधी कथा आल्या. वाचणाऱ्याला पानाचा रंग बघूनच कळते की इथे पुरावा मागायचा नाही.

निष्पत्ती

पुस्तिका निघाली, पण ठरल्यापेक्षा उशिरा. देणगीदारांनी पूर्ण छपाईचा खर्च देण्याऐवजी कागदाचा दिला. उरलेले पैसे वाचनालयाच्या सभासदांकडून जमले. मुखपृष्ठावर साल नाही. तिथे तीन रुंदींचे रूळ आहेत आणि ‘इतवारी स्टेशन’ एवढेच नाव. अधिकृत पूर्ण नाव आतल्या पहिल्या पानावर. नावाचाही वाद होऊ शकला असता, तो ग्रंथपाल बाईंनी या जागावाटपाने मिटवला.

मे २०२५ मध्ये देशातल्या १०३ नूतनीकृत स्टेशनांचे एकाच वेळी उद्घाटन झाले, त्यात इतवारी होते. तोवर तक्ता हॉलमध्ये लागला होता. शाळेची मुले कोऱ्या जागेसमोर हटकून थांबतात आणि विचारतात, इथं काय लिहायचं राहिलं? एका आजोबांनी तिथे दाखवायला घरातले जुने तिकीट आणून दिले. साल काही त्यातून निघाले नाही, पण तिकीट आता वाचनालयात आहे. देणगीदार हॉलमध्ये येतात, आपल्या घराची गोष्ट रंगीत पानांवर पाहुण्यांना दाखवतात, आणि १८६७ चा विषय अजून सोडलेला नाही.

वेगळे काय करता आले असते

पैशांची आणि मजकुराची बोलणी वेगळी व्हायला हवी होती. देणगी घेतानाच एका कागदावर लिहिले असते की मजकुराचा शेवटचा शब्द वाचनालयाचा, तर पहिल्या दोन-तीन बैठका एका सालावर खर्च झाल्या नसत्या. लेखी मागणे अवघड जाते, विशेषतः समोरचा माणूस वडीलधारा आणि आपलाच सभासद असला की. तरी नंतर तोंड लपवण्यापेक्षा ते सोपे.

रेल्वेकडे पत्रे पहिल्याच आठवड्यात जायला हवी होती. गटाने आधी सगळे वाचून मग पत्र लिहिले, तेही शहरातल्या एकाच कार्यालयाला. इतवारीसारख्या स्टेशनसाठी मध्य रेल्वे, दक्षिण पूर्व मध्य आणि जुनी दक्षिण पूर्व अशा तिन्ही दारांवर एकदमच जावे लागते. उत्तर न येण्याची तयारी ठेवावी, पण वाट बघण्याचे महिने मुलाखतींत घालवता येतात.

मुलाखतींचा क्रम मात्र मला खरोखर चुकीचा वाटतो. आधी गार्ड, ड्रायव्हर, स्टेशन मास्तर, मग व्यापारी, सर्वांत शेवटी हमाल आणि दूध-भाजी घेऊन येणाऱ्या बाया. जे बोलावल्यावर पटकन येतात आणि खुर्चीवर बसून व्यवस्थित बोलतात त्यांना आधी घेतले गेले. परिणाम असा की मालधक्क्यावरची माणसे पानांची जुळणी होत आली तेव्हा भेटली, आणि उमरेडकडच्या बायांपैकी दोघींचेच बोलणे छापता आले. त्यांच्या परवानगीचे कागदही घाईत झाले. ध्वनिमुद्रण पुढे कोणाला ऐकू द्यायचे, हे त्यांना नीट विचारलेले नाही. त्यामुळे ती मुद्रणे सध्या कुलपात आहेत.

दुसऱ्या आवृत्तीचे बोलणे चालू आहे. माझा सल्ला असा की छपाईला घाई करू नये. आधी उमरेड आणि भिवापूरला जाऊन त्या बायांच्या घरी बसावे, परवानगी पुन्हा घ्यावी, आणि या खेपेला गार्डसाहेबांना दुसऱ्या फेरीत ठेवावे. गार्डसाहेबांना हे सांगायचे काम ग्रंथपाल बाईंनी घेतले आहे.